डबा जुना, डिस्क नवी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला. आधी प्रिंटर, वायफाय, विसरलेला पासवर्ड असं काहीबाही असायचं. आता बहुतेकांची तक्रार एकच: दहा-बारा वर्षांचा धुळीनं माखलेला डेस्कटॉप, आणि शेजारचा कोणीतरी सांगतोय, 'भंगारात दे, नवा घे.' भुसावळला माझ्या टेबलावरही रोज हेच ऐकते. म्हणून हा महिना सगळा एसएसडीचा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कचा. पत्रं जागेसाठी छाटली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, सावद्याला आमचा केळीचा व्यापार आहे. ऑफिसातला डेस्कटॉप २०१३ साली घेतलेला. तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबल्यापासून हिशोबाचं टॅली उघडेपर्यंत बाहेर गाडी भरून निघायची वेळ होते. एक जण म्हणतो रॅम टाका, दुसरा म्हणतो एसएसडी, तिसरा म्हणतो नवाच घ्या. आधी काय करू?
— केळी व्यापारी, सावदा

उत्तर : भाऊ, आधी एसएसडी. रॅम त्यानंतर. नवा संगणक तूर्त नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. उद्या सकाळी संगणक सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'डिस्क'च्या रकान्यात १०० टक्के आणि 'सीपीयू'च्या रकान्यात पंधरा-वीस टक्के दिसत असतील, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय. डिस्ककडून माल येईल तेव्हा तो कामाला लागणार.

हार्ड डिस्कच्या आत तबकडी असते, ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणची माहिती हाती लागते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीक फायली मागते, त्याही डिस्कभर विखुरलेल्या. तलाठ्याच्या दप्तरात प्रत्येक उताऱ्यासाठी कोतवालानं उठून नवा गठ्ठा सोडावा, तसा कारभार. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. कुठल्याही कोपऱ्यातली माहिती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात, कित्येकदा त्याहून लवकर मिळते. तुमच्या सकाळचा वेळ वाचणार तो इथे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला '५५० एमबी प्रति सेकंद' हा आकडा एका सलग मोठ्या फायलीचा असतो, टॅलीला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण त्या काळच्या आपल्याकडच्या असेंबल केलेल्या संगणकांत एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड फार दिसतो आणि डिस्क जोडायची त्याची साटा जोडणी सेकंदाला ३ गिगाबिटचीच आहे. त्यावर कितीही भारी एसएसडी लावा, सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास थांबणार. 'मग काय उपयोग' असं कोणी म्हटलं तर वरचा परिच्छेद त्याला वाचून दाखवा. फक्त एवढं लक्षात ठेवा, की 'सर्वात वेगवान' लिहिलेल्या मॉडेलला जादा पैसे मोजू नका. तेच पैसे वॉरंटीवर घाला. तीन किंवा पाच वर्षांची, आणि पक्क्या बिलावर. बोर्ड बी ७५ निघाला तर त्यावर ६ गिगाबिटचा एक पोर्ट असतो, एच ८१ वर दोन. ते बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचे असतात, शेजारी बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलंही असतं. एसएसडी त्याच पोर्टला लावायची. बोर्डाचं नाव बघायला डबा उघडावा लागत नाही: स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा आणि 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' ही ओळ वाचा.

तुमच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी पुरेल. २४० ची लावल्यावर विंडोजमध्ये २२३ दिसते आणि मग लोक मला फोन करतात की सतरा जीबी कुठे गेले. कुठे गेले नाहीत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. मात्र ती गळ्यापर्यंत भरू नका, पाचवा हिस्सा मोकळा असू द्या, नाहीतर लिहिण्याचा वेग पडतो. भाव इथे लिहीत नाही. अंक छापून हातात येईपर्यंत तो बदललेला असतो.

रॅमचं असं आहे. ४ जीबीत विंडोज १०, टॅली आणि क्रोमच्या चार-पाच खिडक्या एवढ्यात ती भरते. भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवायला लागते. हार्ड डिस्कवर हा प्रकार जीव काढतो, एसएसडीवर सोसतो. म्हणून क्रम असा धरा. एसएसडी लावून महिनाभर वापरा, आणि टास्क मॅनेजरच्या 'मेमरी'त आकडा सारखा नव्वदच्या वर दिसला तर डीडीआर ३ ची आणखी ४ जीबी काडी टाका. ज्यांच्याकडे २ जीबीच आहे त्यांनी मात्र दोन्ही एकदम करावं.

आणि हो, डबा उघडण्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. तो पेनड्राइव्ह घरी न्या, ऑफिसच्या गल्ल्यात नको.

प्रश्न : लग्नांचे फोटो काढतो. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येतो, मधेच फोल्डर उघडत नाहीत. नवी एसएसडी आणून ठेवलीय. क्लोन कसं करायचं?
— छायाचित्रकार, चोपडा

उत्तर : क्लोन करूच नका. संगणक आत्ता चालू असेल तर बंद करा आणि मग पुढचं वाचा.

तो आवाज म्हणजे हेड पट्टा शोधतंय आणि त्याला तो सापडत नाहीये. अशा डिस्ककडे किती वेळ उरलाय ते कोणी सांगू शकत नाही. क्लोन करायचं म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, आणि त्यासाठी तिला अथपासून इतिपर्यंत वाचायला लावायचं, विंडोजच्या निरुपयोगी फायलींसकट. विंडोज पुन्हा टाकता येतं. कुणाच्या पोरीची हळद पुन्हा लागत नाही.

एसएसडीवर नवं विंडोज टाका, त्या वेळी जुनी डिस्क काढून ठेवलेली असू द्या. मग ती दुसरी डिस्क म्हणून जोडा आणि पहिल्यांदा उचला ते ज्या गिऱ्हाइकाला अल्बम अजून दिलेला नाही त्याचं फोल्डर. त्यानंतर याच वर्षाची कामं, मग मागची. एखाद्या फोल्डरपाशी अडली तर तिथे हट्ट धरू नका, ते सोडून पुढचं घ्या. डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू नका, फायलींचे तुकडे एकत्र लावणारं डीफ्रॅग तर मुळीच नाही, आणि त्या डिस्कवर एक अक्षरही नवं लिहू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उठणारं मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) ती दिसायचीच बंद झाली तर काम आपल्या हाताबाहेर गेलं, डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा. फ्रीजमध्ये ठेवून बघा असं कोणी सुचवलं तर मान डोलवा आणि ठेवू नका, आत दव धरतं.

ज्यांच्या डिस्कला अजून कंठ फुटलेला नाही त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघावं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचा आकडा शून्य असेल तर डिस्कची तब्येत बरी म्हणायची. सी५ वाढत चालला असेल तर आज संध्याकाळीच कॉपी. सी७ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा निघतो, ती आधी बदला.

प्रश्न : आमचा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतो. संगणक खूप जुना: जी ४१ मदरबोर्ड, २ जीबी रॅम, विंडोज ७. त्यात पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर, ते चालवायला लागणारं कुलूप (डोंगल) मागे यूएसबीला लावलेलं. सीड्या सापडत नाहीत. फॉरमॅट मारला तर धंदा बसेल. एसएसडी लावता येईल का?
— छापखानावाले, अमळनेर

उत्तर : येईल, आणि फॉरमॅट न मारता येईल. क्लोनिंग हे तुमच्यासारख्यांसाठीच आहे. ज्यांच्याकडे टॅली आणि ब्राउझर सोडून काही नाही त्यांनी नवं विंडोज टाकावं, वर्षानुवर्षांचा कचरा आपोआप जातो. तुमच्याकडे मात्र तो कचरा आणि पोटापाण्याचं साधन एकाच डिस्कवर आहे, तेव्हा उचलायचं तर सगळंच उचला.

पहिली गोष्ट, हे काम लगीनसराईत काढू नका. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची रांग लागते. त्याआधी, जमलं तर आषाढात, दोन दिवस दुकान शांत असताना करा.

वर चोपड्याच्या भाऊंना सांगितलेली तपासणी आधी करा. तीन शून्यं दिसली तर पुढे. मग जॉबच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि कॉपी झालेल्या दोन-चार उघडून बघा. नुसती पट्टी शेवटपर्यंत गेली म्हणजे कॉपी झाली असं नसतं. फॉन्टचा फोल्डरही घ्या, तो हटकून विसरतो.

आता जागा मोजा. सगळे ड्राइव्ह मिळून भरलेली जागा एसएसडीपेक्षा आरामात कमी पाहिजे. डिस्क ५०० ची असली तरी भरलेली नव्वद-शंभर जीबी असेल तर २४० वर ती बसते. बसत नसेल तर सिनेमे बाहेर काढा, छापखान्याच्या संगणकात ते असतातच. पुष्कळ एसएसडी कंपन्या स्वतःच्या डिस्कसाठी क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात, ते वापरा, आकार लहान-मोठा करायचं तेच बघून घेतं. क्लोनझिला चांगलं आहे, पण मोठ्या डिस्कवरून लहानावर जाताना ते अडतं, आधी पार्टिशन आकसावे लागतात. सॉफ्टवेअर कोणतंही असो, फक्त सी ड्राइव्ह निवडू नका, अख्खी डिस्क निवडा. विंडोज ७ च्या पुढ्यात १०० एमबीचा 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' नावाचा चिंधीएवढा तुकडा असतो, तो राहिला तर संगणक उठत नाही.

क्लोन पूर्ण झालं की संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा आणि एसएसडी तिच्याच केबलला लावा. पहिल्यांदा सुरू करताना डब्यात एकटी एसएसडी. हे मी पुन्हा लिहिते: एकटी. दोन्ही राहिल्या तर विंडोजला एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसतात आणि सी कुठला, डी कुठला याचा घोळ होतो. जुनी डिस्क पुढचे दोन महिने टेबलाच्या खणात ठेवा, वर तारीख लिहून. काही बिघडलंच तर ती पुन्हा लावून त्याच दिवशी पत्रिका छापता येते.

कुलुपाचं म्हणाल तर यूएसबीला लावायचं कुलूप डिस्क बदलली म्हणून रुसत नाही. पण ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या संगणकाला बांधलेलं असतं ते डिस्क बदलताच पुन्हा नोंदणी मागू शकतं. टॅलीत लायसन्स सरेंडर करायची सोय आहे, ती डिस्क काढण्याच्या आधी वापरायची, नंतर नव्हे. बाकीच्या सॉफ्टवेअरचा सिरिअल नंबर वहीत उतरवून ठेवा.

जी ४१ विषयी थोडं जास्त लिहिते, कारण हा बोर्ड खान्देशात अजून पोत्यानं आहे. इंटरनेटवर तुम्हाला सांगतील की बायोसमध्ये जाऊन एएचसीआय मोड (डिस्कशी बोलायची नवी पद्धत, जुनी ती आयडीई) चालू करा. बहुतेक जी ४१ बोर्डांवर आयसीएच ७ ही साधी चिप असते आणि तिच्यात तो मोडच नाही. शोधत बसू नका. पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी ट्रिम ही सोय विंडोज ७ जुन्या आयडीई मोडमध्येही चालवते, तेवढं पुरे. ज्यांचा बोर्ड एच ६१ किंवा पुढचा आहे आणि मोड आयडीई ठेवलाय, त्यांनीही तो थेट बदलू नये, विंडोज निळा पडदा दाखवून मागे फिरतं. विंडोज १० असेल तर एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट लावून रीस्टार्ट करा, बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या आणि मग सेफ बूट काढा.

रॅम घेताना दुकानात 'सोळा चिपवाली' मागा. डीडीआर ३ ची ४ जीबी काडी जी ४१ वर चालवायची तर तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा लागतात. आठ चिपांची नवी काडी लावली तर बोर्ड ती धड ओळखत नाही. काही जी ४१ बोर्ड डीडीआर २ चे आहेत, म्हणून जुनी काडी खिशात घालूनच दुकानात जा. आणि तुमचं विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीतली सव्वातीन-साडेतीनच वापरात येईल, त्यापुढे पैसे घालू नका.

शेवटचं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट बंद झालेत. या संगणकाची नेटची केबल काढून टाका. गिऱ्हाइकाचा मजकूर आजकाल व्हॉट्सॲपवरच येतो, तो दुसऱ्या संगणकावर उतरवून, तपासून, मग पेनड्राइव्हनं इकडे आणा.

प्रश्न : ऑनलाइन सेल होता म्हणून ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी मागवली. माझ्या एच ६१ बोर्डावर ती लावायला जागाच नाही. काय करू?
— विद्यार्थी, धुळे

उत्तर : एनव्हीएमई म्हणजे बोर्डावरच्या एम डॉट टू खाचेत बसणारी पट्टी, तुझ्या बोर्डावर ती खाचच नाही. परत करता येत असेल तर आजच परत कर आणि अडीच इंची साटा एसएसडी घे. चपट्या डबीसारखी दिसते ती.

पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत बसणारं ॲडॉप्टर मिळतं, त्यावर ही बसेल आणि विंडोजमध्ये दिसेलसुद्धा. पण इतक्या जुन्या बोर्डाच्या बायोसला एनव्हीएमईवरून संगणक सुरू करता येत नाही, साधारण २०१४ नंतरच्या बोर्डांत ते आलं. म्हणजे विंडोज हार्ड डिस्कवरच राहणार आणि तुझं दुखणं तसंच. बायोसमध्ये फेरफार करायचे व्हिडिओ दिसतील, कॉलेजचं सबमिशन तोंडावर असताना ते नकोत. परत होत नसेल तर यूएसबी एन्क्लोजर (एसएसडी आत बसवून बाहेरून जोडायची डबी) घे, उत्तम बाहेरची डिस्क होईल. एनव्हीएमई लिहिलेलं एन्क्लोजर मात्र, कारण दिसायला अगदी सारखी, एम डॉट टू आकाराच्या साटा एसएसडीसाठीचीही मिळतात.

प्रश्न : 'ताई, मना कॉम्प्युटर भलता धीमा शे.' एसएसडी टाकून घेतली तरी फरक नाही. पैसे पाण्यात गेले का?
— जिनिंगमध्ये हिशोबनीस, धरणगाव

उत्तर : भाऊ, पैसे बहुतेक जागेवर आहेत. विंडोज तिथे आहे का ते बघू.

असे संगणक माझ्याकडे येतात. एसएसडी छान स्क्रूनं कसलेली असते आणि विंडोज अजून जुन्या डिस्कवरूनच उठत असतं. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, सी ड्राइव्ह कुठल्या डिस्कवर आहे आणि तिचा आकार किती ते वाचा. ४६५ जीबी दिसत असेल तर ती तुमची जुनी ५०० ची. ज्यानं काम केलं त्याला क्लोन करून द्यायला सांगा, त्याचे पैसे तुम्ही दिलेलेच आहेत.

सी एसएसडीवरच असेल तर डब्याचं झाकण काढा. जिनिंगच्या ऑफिसातला डबा मी न बघता सांगते: प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तुसाची गादी असणार. हवा जायला वाट नाही, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग पाडतो. एसएसडी त्याला काही करू शकत नाही. पंखा काढून ब्रशनं साफ करा, ब्लोअर मारताना पात्याला बोट लावून धरा म्हणजे तो भन्नाट फिरून खराब होत नाही, आणि थर्मल पेस्ट नवी लावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हंगामात महिन्यातून एकदा झाकण उघडत जा.

हेही नसेल तर दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेत का बघा. आणि एसएसडी कुठल्याशा अनोळखी नावाची, बाजारभावाच्या निम्म्यात मिळालेली असेल तर एच२टेस्टडब्ल्यू चालवा. लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतं का ते ते सांगतं. लेबलवर जास्त आणि पोटात कमी असा माल फिरतो.

प्रश्न : सेवा केंद्र चालवतो. एसएसडी लावल्यावर संगणक मस्त चालायचा. आता रात्री लाइट जाऊन आली की सकाळी निळा पडदा येतो आणि तारीख भलतीच, २०१२ ची. दुकानदार म्हणतो एसएसडी गेली, नवी घ्या.
— नंदुरबार

उत्तर : नवी घेऊ नका. सीआर २०३२ लिहिलेला नाण्याएवढा सेल घ्या. औषधाच्या दुकानातही मिळतो, ग्लुकोमीटरच्या पॅकिंगशेजारी.

मदरबोर्डवरचा हा सेल संपला की वीज जाताच बायोस सगळी सेटिंग विसरतो. तारीख मागे जाते आणि एएचसीआयचा पुन्हा आयडीई होतो. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असतं, ते गोंधळून निळा पडदा दाखवतं. सेल बदला, बायोसमध्ये तारीख आणि मोड परत लावा. सरकारी संकेतस्थळं 'सुरक्षित नाही' म्हणत असतील तर तेही तारखेमुळेच.

आता तुमच्या पत्रातली दुसरी ओळ, जी तुम्ही सहज लिहिलीत: एसएसडीला वीज 'जुन्या चार पिनेतून कनेक्टर लावून' दिलीय. ते कनेक्टर दोन प्रकारचे येतात. साटाचं टोक प्लास्टिकच्या एकाच गठ्ठ्यात ओतलेलं असेल तर काढून फेका. आतल्या तारा एकमेकींजवळ असतात, त्या शॉर्ट होऊन वितळल्याच्या आणि पेटल्याच्या तक्रारी जगभर आहेत. मागून तारा वेगवेगळ्या आत घातलेल्या दिसतात तो प्रकार घ्या. दोष भाराचा नाही. एसएसडी दोन-तीन वॉटवर भागवते, हार्ड डिस्क सहा-आठ खाते. दोष टोकाच्या बनावटीचा आहे. खरं तर ज्या एसएमपीएसला (डब्यातला वीज पुरवणारा खोका) साटाची वायरच नाही तो इतका जुना आहे, की पहिला खर्च त्याच्यावर करावा.

आणि यूपीएस लावा. लिहिताना वीज गेली तर साध्या एसएसडीतलं अर्धवट लिहिलेलं हरवतं, कधी विंडोजच उठत नाही. पाच मिनिटं मिळाली तरी नीट बंद करता येतं.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त झालो. मे महिन्यात आमच्या खोलीत पंखाही गरम वारा टाकतो. एसएसडी या उन्हाळ्यात टिकेल का? नातवंडांचे फोटो एसएसडीवर ठेवून ती कपाटात ठेवायचा विचार आहे.
— वरणगाव

उत्तर : काका, आपल्याकडचे ४५-४६ अंश एसएसडीला जड नाहीत. बहुतेक साटा एसएसडी ० ते ७० अंशांपर्यंत चालवायला बनवलेल्या असतात, हार्ड डिस्कची मर्यादा बहुधा ६० असते. डबा भिंतीला चिकटवू नका आणि पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवू नका, एवढं पुरे.

कपाटाचा बेत मात्र बदला. एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते, आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू ओसरतो. उष्णतेत अधिक लवकर. उद्योगाचं जे मानक आहे ते घरगुती एसएसडीकडून एवढंच मागतं, की लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावरही ३० अंशांवर एक वर्ष माहिती टिकावी. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते, पण वरणगावचं लोखंडी कपाट मे महिन्यात ३० अंशांवर नसतं. कपाटासाठी साधी बाहेरची हार्ड डिस्क बरी, आणि दिवाळीला एकदा ती जोडून फोटो उघडतात का बघायचं. दुसरी प्रत मुलाच्या घरी, पुण्याला असो की नाशिकला.

आणखी एक. हार्ड डिस्क जाताना बहुधा कुरकुर करते, एसएसडी सकाळी सरळ दिसेनाशी होते. शिवाय त्यावरून चुकून पुसलेलं ट्रिममुळे सहसा परत मिळत नाही. म्हणून एसएसडी आल्यावर बॅकअपची सवय आधीपेक्षा कडक लागते.

प्रश्न : एसएसडी टाकली तर माझ्या चौथ्या पिढीच्या आय-५ वर विंडोज ११ चालेल का?
— शिक्षिका, शिरपूर

उत्तर : मॅडम, अधिकृतपणे नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, डिस्कचा त्यात संबंध नाही. आडवाटेनं टाकून देणारे आहेत, पण शाळेच्या आणि बँकेच्या कामाच्या संगणकावर मी ते करून देत नाही.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट खात्यातून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते, त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली. चौथ्या पिढीचा आय-५, एसएसडी आणि ८ जीबी रॅम यावर ते सुरेख चालतं, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. पेनड्राइव्हवरून न टाकता चालवून बघता येतं, तेव्हा आधी आठवडाभर तुमचा प्रिंटर आणि शाळेचं पोर्टल त्यावर चालतंय का ते पारखा.

प्रश्न : एसएसडीचं डीफ्रॅग किती दिवसांनी करायचं?
— पारोळा

उत्तर : कधीच नाही. विंडोजमधलं 'ऑप्टिमाइझ' एसएसडी ओळखून मुख्यतः ट्रिम करतं, ते आपोआप चालतं, त्याला हात लावू नका.

प्रश्न : जुनी हार्ड डिस्क काढली. भंगारवाला पैसे देतोय. देऊन टाकू?
— पतसंस्थेतले कर्मचारी, एरंडोल

उत्तर : पतसंस्थेची असेल तर अशी मुळीच नाही. त्यावर सभासदांचे आधार, पॅन, सह्या आहेत. क्विक फॉरमॅटनं फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरनं परत निघतो.

डिस्क चालू असेल तर ती दुसरी म्हणून जोडा, फॉरमॅटच्या खिडकीत 'क्विक'ची खूण काढा आणि सुरू करा. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं. ५०० जीबीला दोन-तीन तास जातील, जाऊ द्या. डिस्कवरच्या प्रत्येक ड्राइव्हला हे करा, फक्त सीला नको. चालतच नसेल तर वरचे स्क्रू काढून तबकडीलाच ड्रिलनं चार-पाच भोकं पाडा, डोळ्यांवर चष्मा घालून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात. संस्थेच्या रजिस्टरला डिस्कचा सिरिअल नंबर आणि नष्ट केल्याची तारीख लिहून व्यवस्थापकांची सही घ्या. उरलेला सांगाडा भंगारवाल्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्याला द्या.